मध्य बाल्यावस्थेतील 'स्व'ची जडणघडण : कुटुंब आणि समवयस्क गट यांची भूमिका

सारांश

वयाच्या सहा ते बारा वर्षांचा काळ मध्य बाल्यावस्था म्हणून ओळखला जातो. या काळात मूल घराचा उंबरठा ओलांडून शाळेत व मैदानावर वावरू लागते आणि 'मी कोण?' या प्रश्नाची घरात मिळालेली उत्तरे सवंगड्यांत तपासून पाहते. प्रस्तुत लेखात मुलाच्या स्व-ओळखीच्या जडणघडणीतील कुटुंब व समवयस्क गट यांच्या भूमिकेचे महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे विवेचन केले आहे. कुटुंब मुलाला ओळख देते, समवयस्क गट ती पारखतो आणि या दोहोंत तीव्र विसंगती असल्यास तिचा भार मुलाला एकट्याने पेलावा लागतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : मध्य बाल्यावस्था, स्व-संकल्पना, कुटुंब, समवयस्क गट, सामाजिक तुलना, बोली व शाळा.

१. प्रस्तावना

बालविकासाच्या अभ्यासात शैशवावस्था आणि किशोरावस्था यांना जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे त्यांच्या मधल्या वर्षांना मिळाले नाही. शैशवातील वाढीचा वेग डोळ्यांत भरतो, तर किशोरावस्थेतील शारीरिक बदल व भावनिक चढउतार पालकांना चिंतेत टाकतात. त्या मानाने सहा ते बारा या वयातील मूल शांत, समंजस आणि सांभाळायला सोपे वाटते. सिग्मंड फ्रॉईड यांनी तर या कालखंडाला सुप्तावस्था असेच नाव दिले. मात्र मुलाच्या स्व-ओळखीचा विचार करता हा काळ सुप्त मुळीच नाही.

चार वर्षांच्या मुलाला स्वतःविषयी विचारले, तर ते 'माझ्याकडे लाल सायकल आहे', 'मी जोरात पळतो' अशी उत्तरे देते. नऊ वर्षांचे मूल मात्र 'मी गणितात बरा आहे, पण वर्गातल्या हुशार मुलांएवढा नाही', 'मला पटकन राग येतो' असे सांगते. या दोन उत्तरांत मोठे अंतर आहे. वस्तू आणि कृती यांच्या जागी गुणवैशिष्ट्ये आलेली असतात, इतरांशी तुलना सुरू झालेली असते आणि अभ्यास, खेळ, रूप, मैत्री अशा निरनिराळ्या क्षेत्रांत मूल स्वतःला वेगवेगळे मोजू लागलेले असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांनी बालकांच्या स्व-मूल्यमापनाचा दीर्घकाळ अभ्यास करून या बदलाकडे लक्ष वेधले. ही मोजपट्टी मुलाला कोठून मिळते आणि ती त्याच्या हाती कोण देते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. सैद्धांतिक पार्श्वभूमी

'स्व' हा जन्मतः मिळत नाही, तो इतरांच्या सहवासात घडतो, हा विचार समाजशास्त्रात चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये 'आरशातील स्व' या संकल्पनेद्वारे मांडला. आपण इतरांना कसे दिसतो, ते आपल्याविषयी काय मत बनवतात आणि त्यातून आपल्याला अभिमान वाटतो की लाज, या तीन गोष्टींच्या कल्पनेतून स्व-भावना आकार घेते, असे त्यांचे म्हणणे होते. लहान मुलासाठी हा आरसा घरातील माणसांच्या डोळ्यांत असतो. मध्य बाल्यावस्थेत आरसे वाढतात आणि प्रत्येकात एकच प्रतिमा दिसेल याची खात्री उरत नाही.

जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या विचारांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. भातुकलीसारखे भूमिकांचे खेळ आणि नियमबद्ध सांघिक खेळ यांत त्यांनी महत्त्वाचा फरक केला. त्यांनी बेसबॉलचे उदाहरण दिले आहे. आपल्याकडे खो-खोचे देता येईल. पाठलाग करणाऱ्या खेळाडूला बसलेल्या आठ सोबत्यांपैकी कोणाचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि खो दिल्यावर तो काय करील, याचे भान एकाच वेळी ठेवावे लागते. असे खेळता येणे म्हणजे स्वतःकडे संपूर्ण गटाच्या नजरेतून पाहता येणे होय.

एरिक एरिक्सन यांनी १९५० च्या ग्रंथात मनोसामाजिक विकासाचे आठ टप्पे सांगितले. त्यांपैकी चौथा टप्पा 'उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड' हा शालेय वयाचा आहे. या वयात मुलाला काहीतरी करून दाखवायचे असते. 'मला हे जमते' हा अनुभव पुरेसा मिळाला तर उद्यमशीलता रुजते; तो वारंवार नाकारला गेला तर न्यूनभाव घर करतो. एरिक्सन यांनी ओळखीचा प्रश्न मुख्यतः किशोरावस्थेशी जोडला हे खरे; तथापि ज्या सामग्रीतून किशोर आपली ओळख उभी करतो, ती बहुतांशी या आधीच्या टप्प्यात साठलेली असते.

३. कुटुंब : ओळखीचा पहिला मसुदा

मुलाला आपले नाव, भाषा, आडनाव, धर्म, जात, लिंगभाव आणि नात्यांतील स्थान कुटुंबाकडून मिळते. यांपैकी नावासारखी साधी वाटणारी गोष्टही किती खोल परिणाम करते, याचे बोलके उदाहरण सातारा जिल्ह्यात आढळते. मुलगा व्हावा या अपेक्षेने नको असलेल्या मुलीचे नाव 'नकुसा' ठेवण्याची प्रथा तेथील अनेक गावांत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने समारंभपूर्वक अडीचशेहून अधिक मुलींचे नामांतर करण्यात आले. घरात रोजच्या वापराने बोथट झालेला या नावाचा अर्थ शाळेत हजेरी घेताना आणि सवंगड्यांनी चिडवताना पुन्हा धारदार होतो. घराने दिलेली ओळख समवयस्कांत कशी उघडी पडते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कुटुंबाचा प्रभाव नावापुरता नसतो. 'आमची मोठी हुशार, धाकटा जरा मठ्ठच' अशी वाक्ये पाहुण्यांसमोर सहज उच्चारली जातात आणि सात-आठ वर्षांचे मूल ती वर्णन म्हणून नव्हे, निकाल म्हणून ऐकते. कौतुकाचेही असेच आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या वर्गातील काही मुलांची 'तू हुशार आहेस' अशी, तर काहींची 'तू मेहनत घेतलीस' अशी स्तुती करण्यात आली. पुढे अवघड कोडी आल्यावर हुशारीची स्तुती झालेल्या मुलांची चिकाटी व आनंद कमी झाला आणि त्यांची कामगिरीही खालावली. 'हुशार' ही ओळख गमावण्याची भीती प्रयत्नांच्या आड आली, असा याचा अर्थ लावता येतो.

मुलींच्या बाबतीत कुटुंब ही ओळख रोजच्या कामांतून घडवते. समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८८ च्या आपल्या लेखात बोलणे, बसणे, अन्नवाटप, घरकाम आणि 'एक दिवस परक्या घरी जायचे आहे' ही सततची जाणीव यांतून मुलीचा लिंगभाव कसा आकारतो, याचे विश्लेषण केले आहे. भाऊ मैदानावर आणि बहीण पाण्याच्या नळावर अशी विभागणी आठव्या-नवव्या वर्षीच पक्की होत असेल, तर 'मला काय जमते' या प्रश्नाची दोघांची उत्तरेही वेगळी होतात.

येथे भारतीय कुटुंबाचे एक वैशिष्ट्य नोंदवणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य सिद्धांतांत कुटुंब आणि समवयस्क ही दोन स्वतंत्र क्षेत्रे मानली जातात. एकत्र कुटुंबात किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी जमणाऱ्या मामे, मावस, आते व चुलत भावंडांत ही सीमारेषा पुसट होते. भावंडांच्या या घोळक्यात मूल भांडते, हरते आणि रुसते. मात्र तेथून त्याला कायमचे कोणी काढून टाकत नाही. नात्याच्या सुरक्षिततेत समवयस्कांचा अनुभव देणारी ही पायरी होती. विभक्त कुटुंबे आणि एक किंवा दोनच अपत्ये असणाऱ्या घरांत ती आक्रसली आहे. परिणामी अनेक मुलांना समवयस्कांचा पहिला खरा अनुभव परक्या गटात, नात्याच्या आधाराविना घ्यावा लागतो.

४. समवयस्क गट : ओळखीची पारख

मराठीतील मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या वयाला 'टोळीचे वय' म्हटले जाते. टोळीला स्वतःचे नियम, गुपिते आणि शिक्षा असतात. 'कट्टी' हे त्यांपैकी सर्वांत परिचित शस्त्र होय. प्रौढांना क्षुल्लक वाटणारी कट्टी मुलासाठी गटातून बहिष्कृत होण्याचा अनुभव असते. बट्टी होणे म्हणजे पुन्हा सामावले जाणे. लहान भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून खेळात घेण्याची रीतही अशीच अर्थपूर्ण आहे. त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याचे बाद होणे मोजले जात नाही. कालांतराने तेच मूल 'मी आता लिंबूटिंबू नाही' असा हट्ट धरते. बरोबरीने हरण्याचा हक्क त्याला हवा असतो. समान म्हणून मोजले जाण्याची ही गरज घर पूर्ण करू शकत नाही. ती बरोबरीचेच पूर्ण करू शकतात.

जाँ पियाजे यांनी १९३२ च्या ग्रंथात मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास करून हेच दाखवले. लहान मुले नियमांना मोठ्यांनी घालून दिलेले व अटळ मानतात. दहा-बारा वर्षांची मुले मात्र सर्वसंमतीने नियम बदलता येतात हे जाणतात. दिवाळीत किल्ला बांधणाऱ्या मुलांचा घोळका पाहिला, तर ही प्रक्रिया प्रत्यक्ष दिसते. माती कोणी आणायची, बुरूज कोणी रचायचा, मावळे कोठे ठेवायचे यावर वाद होतात, तोडगे निघतात आणि या ओघात कोण कशात तरबेज आहे हे सर्वांनुमते ठरते. 'याला बुरूज छान जमतो' हे सवंगड्यांचे प्रमाणपत्र आईच्या कौतुकापेक्षा वेगळ्या मोलाचे असते, कारण ते सहज मिळत नाही.

हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी या वयातील जिवलग मित्राला विशेष स्थान दिले. साधारण साडेआठ ते दहा वर्षांच्या दरम्यान मुलाला एखाद्या सवंगड्याचे सुख स्वतःच्या सुखाइतकेच महत्त्वाचे वाटू लागते आणि अशा मैत्रीमुळे घरातील काही उणिवाही भरून निघू शकतात, असे त्यांचे मत होते. याची दुसरी बाजूही आहे. जॉन कोई, केनेथ डॉज व त्यांच्या सहकारी यांनी १९८२ मध्ये वर्गातील मुलांच्या पसंती-नापसंतीवरून लोकप्रिय, नाकारलेली, दुर्लक्षित, वादग्रस्त आणि सामान्य असे प्रकार सांगितले. यांतील नाकारलेले आणि दुर्लक्षित हा भेद शिक्षकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. दुर्लक्षित मूल दुसऱ्या गटात आपले स्थान मिळवू शकते. सक्रियपणे नाकारल्या गेलेल्या मुलाची ही प्रतिमा मात्र वर्षानुवर्षे त्याचा पाठलाग करू शकते.

जुडिथ रिच हॅरिस यांनी १९९५ मध्ये एका शोधनिबंधात आणि १९९८ मध्ये ग्रंथरूपाने असा युक्तिवाद केला, की व्यक्तिमत्त्वाच्या जडणघडणीत पालकांपेक्षा समवयस्क गटाचाच वाटा मोठा असतो. स्थलांतरितांची मुले आईवडिलांचे उच्चार सोडून सवंगड्यांचे उच्चार उचलतात, हा त्यांचा एक प्रमुख पुरावा होता. हा निरीक्षणाचा भाग मान्य केला, तरी त्यातून एक प्रश्न उरतो. मूल जेव्हा घरचा उच्चार सोडते, तेव्हा घराविषयीची त्याची भावना काय होते? महाराष्ट्राच्या संदर्भात हा प्रश्न केंद्रस्थानी आणावा लागतो.

५. दोन ओळखींमधील विसंगती

घरात 'पानी' म्हणणारे मूल शाळेत 'पाणी' म्हणायला शिकते. प्रमाणभाषा शिकणे इष्टच आहे. मात्र वर्गात 'पानी' या उच्चारावर हशा पिकला, तर मूल दोन गोष्टी एकदम शिकते : एक शब्द आणि एक लाज. ही लाज शब्दापुरती राहत नाही. ती तो शब्द उच्चारणाऱ्या आईपर्यंत पोहोचते. घरी कोरकू, भिली, पावरी, गोंडी किंवा वारली बोलणाऱ्या मुलांबाबत हे अंतर अधिकच मोठे असते. पालकसभेला आईने येऊ नये असे एखाद्या मुलाला वाटू लागते, तेव्हा समवयस्कांत स्थान मिळवण्याची किंमत म्हणून त्याने घराचा त्याग मनातल्या मनात सुरू केलेला असतो.

जातिव्यवस्थेने ही विसंगती सर्वांत क्रूर स्वरूपात निर्माण केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत सातारा येथील शालेय जीवनाचे आणि १९०१ मधील कोरेगावच्या प्रवासाचे वर्णन केले आहे. वडील सुभेदार रामजी लष्करात शिक्षक होते. घरात शिक्षणाचा आग्रह आणि स्वाभिमानाचे वातावरण होते. शाळेत मात्र गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने पाणी दिले नाही तर तहानलेले राहावे लागे. वडिलांना भेटण्यासाठी मसूर स्थानकावर उतरलेल्या, नीटनेटका पोशाख केलेल्या या मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरची वागणूक बदलली आणि गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईनात. या वेळी भीमराव नऊ-दहा वर्षांचे होते. 'तू शिकू शकतोस' हे घराचे म्हणणे आणि 'तू शिवण्यालायक नाहीस' हे बाहेरच्या जगाचे म्हणणे एकाच मुलाला पेलावे लागले. घराने दिलेली ओळख भक्कम असल्यास ती अपमानापुढे तग धरू शकते, हे या चरित्रातून दिसते. तथापि प्रत्येक मुलाला असे घर लाभेलच असे गृहीत धरता येत नाही आणि अपमान सोसण्याची जबाबदारी घरावर टाकणे न्याय्यही नाही.

ही विसंगती कामगिरीवर कसा परिणाम करते, याचा पुरावा कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांच्या २००६ मध्ये प्रकाशित अभ्यासात मिळतो. उत्तर प्रदेशातील खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरील भुलभुलैयाची कोडी सोडवण्यास दिली गेली. जातीचा उल्लेख नसताना उच्च व निम्न मानल्या गेलेल्या जातींतील मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. मात्र मिश्र गटात सर्वांसमक्ष जात जाहीर केल्यावर निम्न मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. क्षमता तीच होती, मुलेही तशीच होती; बदलली ती इतरांच्या नजरेची जाणीव. कूली यांचा आरसा येथे गुणपत्रिकेपर्यंत पोहोचलेला दिसतो.

ऊसतोड कामगारांच्या मुलांपुढे हाच पेच वेगळ्या रूपात उभा राहतो. बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर वसंतात परततात. मूल आईवडिलांसोबत गेले तर वर्ग, बाई आणि सवंगडी सुटतात. परतल्यावर ते वर्गात पाहुण्यासारखे बसते. ते गावी आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिले तर सवंगडी टिकतात, पण आईवडील दुरावतात. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुलींना सोबत नेले जाण्याची शक्यता अधिक असते. ज्या वयात कुटुंब आणि समवयस्क या दोहोंची एकाच वेळी गरज असते, त्याच वयात या मुलांना दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते, आणि ती निवडही त्यांची स्वतःची नसते.

६. शैक्षणिक व कौटुंबिक फलितार्थ

समवयस्क गटावर प्रौढांचे नियंत्रण नसते, असा एक समज आहे. तो अंशतःच खरा आहे. मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमा येथील शिबिरात सुमारे अकरा वर्षांच्या २२ मुलग्यांवर केलेल्या प्रयोगात दोन गटांत स्पर्धा लावताच वैर निर्माण झाले. केवळ एकत्र जेवण वा करमणूक यांनी ते कमी झाले नाही. पाणीपुरवठा सुरू करणे, अडकलेला ट्रक ओढणे अशी दोन्ही गटांची गरज असलेली कामे पुढे आल्यावर ते ओसरू लागले. मुले एकमेकांकडे कसे पाहतात, हे त्यांना कोणत्या प्रसंगात एकत्र आणले जाते यावर अवलंबून असते आणि प्रसंगांची ही रचना प्रौढांच्या हाती असते.

भारतातील अनुभवही यास पुष्टी देतो. दिल्लीतील खासगी शाळांत गरीब कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणे बंधनकारक झाल्यानंतर गौतम राव यांनी संपन्न घरांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रकाशित झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली मुले अधिक उदार व मदतीस तत्पर आढळली आणि रिले शर्यतीसाठी सोबती निवडताना त्यांनी गरीब मुलांबाबत कमी भेदभाव केला. इंग्रजीच्या गुणांत थोडी घट दिसली असली, तरी एकाच अभ्यासगटात प्रत्यक्ष काम केल्याचा हा सामाजिक लाभ महत्त्वाचा होता.

या विवेचनाच्या आधारे पुढील बाबी सुचवता येतात. पहिली, शिक्षकांनी घरची बोली वर्गात चुकीची म्हणून न दुरुस्त करता 'घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात' अशी दोन्हींना जागा द्यावी. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० या दोहोंनी घरच्या भाषेला महत्त्व दिले आहे. ते वर्गातील हशा थांबवण्यापर्यंत पोहोचले पाहिजे. दुसरी, जात, शिष्यवृत्तीची पात्रता वा पालकांचा व्यवसाय यांची माहिती वर्गात सर्वांसमक्ष विचारू नये. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. तिसरी, बैठकव्यवस्था व गटकार्य अशा रीतीने आखावे, की प्रत्येक मुलाचे एखादे कौशल्य गटाला खरोखर आवश्यक ठरेल. चौथी, स्थलांतरावरून परतलेल्या मुलाला आठवडाभर एखाद्या सोबत्याची जोड द्यावी. पाचवी, पालकांनी भावंडांची जाहीर तुलना टाळावी आणि मुलाच्या कट्टी-बट्टीच्या गोष्टी निवाडा न देता ऐकून घ्याव्यात. मुलाला बाहेर काय ऐकावे लागले, हे घराला कळण्याचा तोच बहुधा एकमेव मार्ग असतो.

७. समारोप

मध्य बाल्यावस्थेतील ओळख केवळ घराची देणगी नसते आणि केवळ टोळीची निर्मितीही नसते. घर मुलाच्या हाती पहिला मसुदा देते, सवंगडी त्यात खाडाखोड करतात आणि मूल स्वतः त्याची फेरमांडणी करते. खाडाखोड ही वाढीचाच भाग आहे. तिच्याविना मूल कायमचे लिंबूटिंबू राहील. हानी होते ती सवंगड्यांत स्थान मिळवण्यासाठी घराची लाज बाळगावी लागते किंवा घर राखण्यासाठी सवंगडी सोडावे लागतात तेव्हा. शाळेत शिकलेला 'पाणी' हा शब्द घेऊन घरी आलेले मूल आईच्या 'पानी'ला निःसंकोच उत्तर देऊ शकले, तर कुटुंब व शाळा या दोन्ही संस्थांनी आपले काम योग्य रीतीने केले असे म्हणता येईल.